मटणाच्या आचाऱ्यानं दूधसुद्धा सोडलं

हे बोलतोय मी, लिहून घेतेय माझी मुलगी दीपाली. माझ्या हातात पेन दिलं की मला झोप येते. मी बाळाराम, पेण तालुक्यातल्या खाडीकडच्या गावातला. पंचवीसेक वर्षं हळदीचं मटण करत आलो. आम्हा आगरी लोकांत लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त, आणि नवरा कसा आहे ते बघायला कोणी येत नाही, मटण खायला येतात. पेणपासून रोह्यापर्यंत "बाळाराम आचारी हाय" एवढं कळलं की लोक दुपारपासून पोट रिकामं ठेवायचे. फुशारकी वाटेल, पण वाटू दे.

आता मी मटण खात नाही. मासे नाही, अंडं नाही. दूध, दही, ताक, तूप यातलंही काही नाही. लोक विचारतात, "मग खातोस काय, माती?" रोह्याला हृदयाचे डॉक्टर येतात, ते म्हणाले, "काका, नवीन पेशंट फार घाबरलेले असतात. तुमचं लिहून द्या, मी त्यांना वाचायला देईन." म्हणून हा खटाटोप. गोळ्यांची नावं मला विचारू नका. गोळ्या डब्यात असतात आणि डबा सुनंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे असतो.

दाढ दुखली तो दिवस

एप्रिल महिना. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात एका घरची हळद. दुपारचे तीन, वर ऊन, खाली तीन चुली, आणि मी मधल्या टोपात कांदा-खोबऱ्याचं वाटण परततोय. डावी दाढ ठणकायला लागली. मग घाम. घाम तर आचाऱ्याला रोजचाच, त्यामुळे मी सोडा मागवून प्यायलो आणि ढेकर येण्याची वाट बघत बसलो. ढेकर काही आला नाही. माझ्या हाताखालचा एक जण म्हणाला, "काका, जरा बसा ना." मी खेकसलो, "बसायला काय माझी हळद हाय?"

मग डाव्या हातातून डाव सुटला आणि टोपात बुडाला. तरी मी हललो नाही. मटणात मीठ पडल्याशिवाय टोप सोडायचा नाही, असा माझा हट्ट. वीस मिनिटं तसाच उभा राहिलो, उजव्या हातानं मीठ घातलं, आणि तिथंच खाली बसलो. डॉक्टर नंतर म्हणाले की माझ्या आयुष्यातली सगळ्यात मूर्ख वीस मिनिटं हीच. मी वाद घातला नाही.

घरमालकानं गाडीत घालून पूल ओलांडून रोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर कोवळा पोरगा. कागदाची पट्टी बघितली आणि म्हणाला, "काका, ही दाढ नाही. हा हार्ट ॲटॅक आहे."

मी म्हणालो, "माझं मटण चुलीवर हाय."

हेच म्हणालो. दीपालीला हसू येतंय लिहिताना. तेव्हा मात्र ती रडत होती, कारण तिचं सासर अष्टमीतच, ती सगळ्यात आधी पोचली होती.

तिथून पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात. ॲम्ब्युलन्स पेणवरून गेली. सुनंदा वडखळच्या नाक्यावर उभी होती, तिथं तिला आत घेतलं. ती माझा पाय धरून बसली.

एक नळी बंद झाली होती, ती स्प्रिंग घालून उघडली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की अजून दोन नळ्या अरुंद आहेत. "त्यांना आत्ता हात लावत नाही. गोळ्या, चालणं, जेवण आणि मीठ, हे सांभाळा. सहा महिन्यांनी यंत्राच्या पट्ट्यावर पळवून बघू. सुधारणा नसेल तर बायपास करावी लागेल."

"म्हणजे छाती उघडायची?"

"हो."

मी आयुष्यभर बोकडाच्या फासळ्या तोडल्यात. छाती उघडणं म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला तो आवाज माहीत आहे. त्या खाटेवर पडल्या पडल्या मी ठरवलं, की काय वाटेल ते करीन पण माझी छाती कोणाला उघडू देणार नाही.

सगळंच बंद करा

हॉस्पिटलचा दिवस पहाटे सुईनं सुरू होतो. मग पुसून घेणं, मग दलिया, मग डॉक्टरांचा घोळका, मग परत सुई. दुपारी काही नाही, आणि तीच वेळ वाईट. छतावरचा पंखा बघत माणूस मरणाचा विचार करतो. एका दुपारी झाडूवाली मावशी माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या भाचीच्या हळदीला होतात ना? काय मटण होतं हो!" मी पन्नाशी उलटलेला माणूस तोंडावर चादर घेऊन हमसून हमसून रडलो. मावशीनं घाबरून सिस्टरला बोलावलं. मावशी दुसऱ्या दिवसापासून रोज येऊन माझी खाट खिडकीकडे जरा वळवून जायची. बाहेर रस्ता दिसायचा. तेवढ्यानं बरं वाटायचं.

मग आहाराच्या मॅडम आल्या. दीपालीच्याच वयाच्या. मटण बंद, मासे आठवड्यातून दोनदा, साय काढलेलं दूध, अंड्याचा पांढरा भाग, असा तक्ता त्यांनी सुनंदाच्या हातात दिला.

मी म्हणालो, "मॅडम, दोनदा मला जमणार नाय. दोनदाचं चारदा होईल आणि चारदाचं रोज. मी मला ओळखतो. सगळंच बंद करा."

"दूधसुद्धा?"

"दूधसुद्धा. एक खिडकी उघडी ठेवलीत तर मी तिच्यातून अख्खं बोकड आत घेईन."

त्या हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि गंभीरपणे सांगायला लागल्या. असं जेवता येतं, याला व्हीगन म्हणतात, पण नुसतं सोडून भागत नाही, नीट बांधून जेवावं लागतं. कडधान्य रोज, बी-ट्वेल्व्हची गोळी न चुकता, नारळ मोजून, तेल मोजून. आणि मीठ तर त्यांनी दिलेल्या चिमुकल्या चमच्यानंच. "सुरुवातीला त्रास होईल," त्या म्हणाल्या. मी हात झटकला. त्रास वगैरे मला सांगू नका, म्हणालो.

सुनंदानं तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. "मी पण तेच खाईन," ती म्हणाली. "एका घरात दोन जेवणं मला रांधायला जमणार नाय." मला वाटलं तिला काम कमी हवंय. मी किती मठ्ठ होतो बघा.

घरी

पहिल्याच सकाळी बिनदुधाचा चहा समोर आला आणि माझा सगळा पराक्रम उतरला. काळं पाणी! मी कप उचलून अंगणात ओतला. सुनंदानं दुसरा आणून ठेवला. तोही ओतला. तिसरा तिनं आणलाच नाही.

बघायला येणारे तर विचारू नका. कोणी पायाचं सूप आणलं, कोणी गावठी अंडी. "ताकद नको यायला?" सुनंदा हात जोडून सगळं परत पाठवायची. मासे-मटण बंद हे लोकांना कळत होतं, दूध बंद हे मात्र कोणाच्या डोक्यात शिरेना. शेजारचे अण्णा म्हणाले, "अरे, गाईनं काय तुला शिंग मारलं?"

आणि अळणी भाजी! खाडीवरच्या माणसाला अळणी वाढणं म्हणजे शिक्षाच. एकदा मी ताट बाजूला सरकवलं. दीपाली लिहायची थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय. बरं, लिही. सरकवलं नाही, भिरकावलं. वालाचं बिरडं भिंतीला लागलं. सुनंदानं भिंत पुसली आणि माझ्यासाठी परत वाढलं. मी सॉरी बिरी काही म्हणालो नाही, गप्प खाल्लं.

ताईची वाटी

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. पण तेच सांगायला मी बसलोय.

माझी थोरली बहीण, तिला मी ताईच म्हणतो, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. भावोजी गेले तेव्हापासून ती पेणच्या बाजारात सुकी मच्छी विकते. तिनंच मला लहानाचा मोठा केला. मी अळणी खातोय हे बघून तिचा जीव तुटायचा. जूनपासून ती रोज एक वाटी भाजी पाठवायला लागली. दुधी, वांगं, पडवळ. "बालासाठी," म्हणायची. आमच्या जुन्या माणसांच्या बोलीत ळ नाही, त्यामुळे तिच्यासाठी मी बाला.

पहिल्या दिवशी मी घास तोंडात घातला आणि मला कळलं.

जवळा. बारीक सुकी कोळंबी, भाजून, चुरून. नुसता जवळाही नाही. ताईच्या टोपलीच्या तळाशी जो भुगा राहतो ना, त्यात खाऱ्या माशाचे कण असतात, तोच मूठभर भाजीत गेला होता. पंचवीस वर्षं जिभेवर पोट भरणाऱ्या माणसाला हे कळणार नाही का? त्याचा भाजलेला वास, ते मीठ! जिभेवर कोणी दिवा लावल्यासारखं झालं.

सुनंदा समोर बसली होती, ताटात बिनमिठाचा दुधी. तिनं विचारलं, "कशी झालीय ताईची भाजी?"

"बरी आहे," मी म्हणालो, आणि वाटी बोटानं पुसून खाल्ली.

एक दिवस नाही, सहा आठवडे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, ताजी मच्छी मिळत नाही, सगळा गाव सुक्यावरच जगतो. ताईकडे भुगा मुबलक. मी वाटीची वाट बघत बसायचो. मनाला सांगायचो, ताईनं प्रेमानं दिलंय, मी कुठं मागितलंय?

जुलैच्या मध्यावर चपलेचा पट्टा घट्ट व्हायला लागला. मला वाटलं चप्पल भिजून आकसली. मग दहा पावलांत धाप लागली. मग बोटानं पाय दाबला तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. दीपालीच्या नवऱ्याची त्या दिवशी शिफ्ट नव्हती, तो गाडी घेऊन आला आणि आम्ही रोह्याला गेलो.

चूक कोणाची

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट बघितले आणि लगेच दाखल केलं. अंगात पाणी साचलं होतं, रक्तदाब वर गेला होता. ते सुनंदाकडे वळले.

"घरात मीठ कोण घालतं?"

"मी."

"किती?"

"मॅडमनी चमचा दिलाय त्यानंच, पाव भरून."

"मग हे एवढं पाणी कुठून आलं, काकू? हात सैल सुटला असणार तुमचा. असं चाललं तर सहा महिनेही थांबायला नको, आताच ऑपरेशनची तयारी करा."

सुनंदानं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "चुकलं असेल माझं."

मी छताकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझ्या मनात आलं की गप्प बसावं. डॉक्टर जातील, सुनंदा विसरेल. मग ती परत म्हणाली, "आता अजून कमी घालीन," आणि तिचा आवाज फाटला.

"तिचं काय चुकलं नाय," मी म्हणालो. "मी सुकट खातोय. सहा आठवडे. मला ठाऊक होतं."

सुनंदानं मान वर केली नाही.

आणि नेमकी त्याच वेळी ताई आली. पावसात भिजलेली, बसनं आलेली, हातात डबा. सुनंदानं डबा घेतला, उघडला, वास घेतला.

"ताई, यात काय हाय?"

"दुधी."

"आणि?"

"आनि काय... जरासा जवला. चवीला."

"ताई, त्यांना मच्छी बंद हाय!"

ताईला खरंच राग आला. "मग मी कंदी मच्छी दिली? जवला म्हंजे काय मच्छी हाय?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं लगेच मान डोलावली. "नाय नाय, जवला मच्छीत नाय धरत." समोरच्या खाटेजवळची बाईही म्हणाली, व्हय, आमच्यात तर भाजीला घालतातच. अख्खा वॉर्ड ताईच्या बाजूनं! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, हे असंच आहे. मच्छी म्हणजे ताटात डोळे वटारून बसलेली ती. जवळा म्हणजे मसाला.

डॉक्टरांनी ताईला समोर बसवून समजावलं. त्या भुग्यात किती मीठ असतं, ते माझ्या अंगात काय करतं, नळ्यांवर कसा ताण येतो. ताईचा चेहरा पांढरा पडत गेला. ती फरशीवर बसली.

"म्हंजे मीच मारीत व्हते बालाला?"

"नाय गो ताई," मी म्हणालो. "तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

चार दिवस दवाखान्यात होतो. सुनंदानं सगळं केलं, गोळ्या दिल्या, पाय चोळले, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बोलली. खिडकीबाहेर बघत. "मला सुके बोंबील किती आवडतात तुम्हाला माहीत हाय ना? ताईच्या दारावरून येताना मी नाक दाबून येते. सहा आठवडे माझ्यासमोर बसून तुम्ही ते खात होता. आणि डॉक्टर मला बोलले. मरायचंच असेल तर मला सांगून मरा. फसवून नको."

माझ्या छातीत स्प्रिंग घातली तेव्हा एवढं दुखलं नव्हतं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आजपासून मोजायचे. जानेवारीत पट्टा. तेव्हा मला सबब नको."

माझा हात

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सुनंदाला चुलीपासून उठवलं. लग्नाला तीस वर्षं झाली, मी घरात कधी पाणी तापवलं नव्हतं. आचारी घरी रांधत नाही, असा माझा तोरा.

विचार केला, मीठ गेलं, मटण गेलं, तूप गेलं. मग माझ्याकडे उरलं काय? विस्तव उरला! कांदा अख्खा निखाऱ्यात पुरला, काळा होईपर्यंत. लसूण तसाच. तीळ भाजले. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलला, कारण घाईघाईनं सोललेला वाल शिजताना तुटतो. मिठाच्या जागी चिंच, कैरी वाळवलेली, लिंबू. पहिल्या दिवशी बेचव झालं, दुसऱ्या दिवशी कडू. मी भांड्यांवर ओरडत होतो, सुनंदा दारात बसून बघत होती. बोलत नव्हती, पण बघत होती. पाचव्या दिवशी तिनं आपणहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तीनेक आठवड्यांनी एक गंमत झाली. नुसता दुधी खाल्ला आणि तो गोड लागला. दुधी! पन्नास वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की दुधीला स्वतःची चव असते. नवीन पेशंटांनो, हे तीन आठवडे कसेही काढा. शिव्या द्या, ताट भिरकावू नका, पण काढा. पुढं जीभ स्वतःच वळते. बिनदुधाच्या चहात मी आलं आणि गवती चहा घालायला लागलो, आता दुधाचा चहा कोणाकडे बघितला तरी जड वाटतो.

ताईनं मला मदत करायची ठरवली ती तिच्या पद्धतीनं. रोज सकाळी दारात उभी. "बाला, चल." आणि खाडीच्या बांधावरून ती पुढं, मी मागं. आधी पहिल्या वळणापर्यंत. मग पाणी सोडायच्या उघाडीपर्यंत. पाऊस सरला आणि मिठागरं सुरू झाली तशी मी शेवटच्या कोंड्यापर्यंत, म्हणजे मिठाच्या वाफ्यापर्यंत, जायला लागलो. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग आणि मला दिवसाला पाव चमचा. मिठागरातली माणसं चिडवायची, "काय बाळाराम, हुंगून जातोस काय?" मी म्हणायचो, "हुंगायला बंदी नाय." धाप लागायची ती कमी कमी होत गेली. ताई पासष्टची, तरी शेवटपर्यंत मला मागं टाकायची.

दिवाळीनंतर एक जण हळदीची सुपारी घेऊन आला. बरोबर बोकडही दाखवायला आणलेला, चांगला काळा, धष्टपुष्ट. सवयीनं मी त्याच्या छातीवर हात ठेवला, अंगात मांस किती ते बघायला. आतून धडधड लागत होती. माझ्या छातीत होते तशीच, अगदी तशीच. मी हात काढला. त्या माणसाला म्हणालो, "दुसरा आचारी बघ भावा." मला काही कळवळा वगैरे दाखवायचा नव्हता. हातच चालला नाही.

गावात बोंबाबोंब झाली. बाळाराम आचारी संपला, असं पेणच्या बाजारापर्यंत गेलं. ताईच्या कानावर आलं तेव्हा ती टोपली सोडून भांडायला उठली म्हणे. त्या दिवसांत सुनंदाच्या पोह्याच्या पापडांवर घर चाललं. तिनं एकदाही टोमणा मारला नाही. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

पट्टा

जानेवारीत रोह्याला गेलो. छातीवर वायरी लावल्या आणि पट्ट्यावर उभं केलं. पट्टा पळायला लागला की माणसाला पळावंच लागतं. डॉक्टर यंत्राकडे बघत होते, मी डॉक्टरांच्या भुवईकडे. त्यांनी वेग वाढवला. परत वाढवला. पट्ट्याची पुढची बाजू वर उचलली, चढण झाली. घाम सुटला. दाढेत कळ येतेय का, हात जड होतोय का, एवढंच मी चाचपत होतो. कळ आली नाही. त्यांनी अजून एकदा वेग वाढवला. मला तो आवाज ऐकू येत होता, फासळ्या तोडायचा. मी ताईची पाठ डोळ्यासमोर आणली आणि तिच्या मागं मागं पळत राहिलो.

पट्टा थांबला. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला.

"काका, ऑपरेशन नको."

"आत्ता नको का कधीच नको?"

"आत्ता नको. असंच राहिलात तर पुढच्या वर्षी पण हेच म्हणेन."

"जेवणामुळं?"

"गोळ्या, चालणं, मीठ, जेवण, सगळ्यांचं मिळून आहे हे. यातलं काय जास्त कामाला आलं ते मी सांगू शकत नाही. आणि जेवण जमलं म्हणून गोळी सोडलीत, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

बाहेर सुनंदा बाकावर डोळे मिटून बसली होती. मी अजून धापा टाकत, घामानं निथळत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं डोळे उघडले, माझा चेहरा बघितला आणि उलटंच समजली. "असू दे," म्हणाली, "करू ऑपरेशन. मी हाय ना."

"नाय फाडत," मी कसाबसा म्हणालो. "छाती नाय फाडत, सुनंदा."

ती मटकन परत खाली बसली. आधी रडली, मग हसली, मग पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. दवाखान्यातली माणसं बघत होती. बघू देत. मी तिच्याकडे तिथं, सगळ्यांसमोर, ताट भिरकावल्याची, वाटीची, सगळ्याची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं बरं, चला आता, दीपाली जेवायला थांबलीय."

निशाची हळद

फेब्रुवारीत ताईच्या मुलीचं, निशाचं लग्न ठरलं. ताईनं गावबैठकीत सांगून टाकलं, "हलदीला मटन नाय. बाला जे करल तेच."

लोकांनी नाकं मुरडली. हळदीला मटण नाही म्हणजे आमच्यात नाक कापल्यासारखं. सुकी मच्छी विकणारी बाई, आणि तिच्या घरी बिनमटणाची हळद! निशाच्या सासरचे म्हणाले, आमची माणसं उपाशी जातील. ताईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "गेली तर जातील."

डॉक्टरांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. टोप उचलायचा नाही आणि आचेसमोर सलग उभं राहायचं नाही. मी खुर्ची टाकून बसलो. चारशे माणसांचं. सोललेल्या वालाचं बिरडं, निखाऱ्यातल्या कांद्याच्या वाटणात कोवळ्या फणसाचा झणझणीत रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, वडे, गुळाची नारळाच्या दुधातली खीर.

रस्सा उकळला आणि माझे हात थांबले. मीठ! माझी जीभ आता पाव चमच्याची झालेली. मला जे बरोबर वाटेल ते चारशे माणसांना अळणी लागणार. आजवर माझ्या टोपाची चव मी कोणाला बघू दिली नव्हती. मी सुनंदाला हाक मारली. आमच्या दोघांचं पातेलं आधी वेगळं काढून घेतलं आणि तिच्या हातात डाव दिला. पण तीही माझ्यासारखंच जेवत होती ना! तिनं चव घेतली, विचार केला, ताईला बोलावलं. ताईनं चव घेतली. मग दोघी टोपाशी उभ्या राहून भांडत भांडत मीठ घालायला लागल्या आणि मी खुर्चीत बसून बघत राहिलो. इतकी वर्षं आचारी आहे, पण एवढं सुख मला टोपाशी कधी मिळालं नव्हतं.

पहिली पंगत गप्प बसली होती. रुसून. मग कोणीतरी रस्सा मागितला. मग परत मागितला. मग त्या पंगतीत "इकडं आण, इकडं" सुरू झालं. तिसऱ्या पंगतीला भाकऱ्या कमी पडल्या, बायका परत थापायला बसल्या. शेवटी टोप आडवा करून खरवडला.

आम्ही शेवटी बसलो, मी आणि सुनंदा, आमचं वेगळं पातेलं घेऊन. ताई येऊन शेजारी बसली. "मना पन यातला वाढ." एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाला, अलनी हाय रं!" म्हणाली, आणि सगळं संपवलं.

तेवढ्यात निशाच्या सासरकडचे एक म्हातारे हात धुऊन आले. गागोद्याकडचे, शेतकरी. समोर उभे राहिले. "पुढच्या महिन्यात आमच्याकडं नातवाची हळद हाय. येशील काय?"

"मी मटण करत नाय आता, बाबा."

"मटन कोन मागतोय?" ते म्हणाले.

मी सुनंदाकडे बघितलं. ती ताट चाटून पुसून ठेवत होती. "हो म्हणा," ती म्हणाली. "पण टोप उचलायला माणसं त्यांची."